ताजा ओरखडा
हे तीस वर्षं रेल्वेत फिटर होते. आता छातीत दम उरलेला नाही. माउथऑर्गनवर श्वास आत ओढत सूर खाली वाकवण्यात ह्यांचा हातखंडा, पण हल्ली सूर वाकण्याआधीच खोकला येतो. मग भिंतीकडे तोंड करून झोपतात. वाफारे देऊन, समजूत काढून मीही थकलेय. व्हिडिओत बघितलं, माउथऑर्गनच्या आतल्या पितळी पात्यांभोवतीची फट कमी केली की थोडक्या श्वासातही सूर वाकतो. ह्यांना न सांगता जयपूरच्या चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, चांदीच्या कारागिराकडून तेवढं करून आणलं. आज ह्यांनी श्वास ओढला आणि सूर अलगद खाली उतरला. "बघा, दम परत आला!" मी म्हणाले. ह्यांचा अंगठा झाकणाच्या स्क्रूवर थांबला. तिथे ताजा ओरखडा होता. मग ह्यांनी माउथऑर्गन माझ्या हातात ठेवला. "आला. पुढच्या वेळी फट आणखी कमी करायला सांग."