पॅडची जोडी

तिसऱ्यांदा कोपर बसलं तेव्हा अवधूतच्या तोंडात रक्त आलं. तो थुंकला आणि पुन्हा पळाला. कॉलेजला खेळाडूंच्या कोट्यातून फुटबॉलचा एकच फॉरवर्ड घ्यायचा होता, त्यामुळं चाचणीला आलेली बारावीची पोरं एकमेकांना तुडवतच खेळत होती. शिट्टी वाजवायचं कोणी नाव घेत नव्हतं.

समोरच्या संघात दिग्विजय होता, त्याच्याच पेठेतला, पहिलीपासूनचा दोस्त. नडगीला बांधायच्या पॅडची दोघांत मिळून एकच जोडी. शाळेच्या प्रत्येक मॅचला ते एकेक वाटून घ्यायचे. आज सकाळीही दिग्विजयनं आधी अवधूतच्या उजव्या पायाला पॅड बांधलं, मग स्वतःच्या.

दिग्विजयनं दुसरा गोल मारला. कट्ट्यावर बसलेल्या कॉलेजच्या सरांनी मान डोलावली, ती अवधूतनं पाहिली.

पुढच्या वेळी त्यानं बॉलकडे बघितलंच नाही. मोज्याखाली दिग्विजयचा कुठला पाय उघडा आहे, हे साऱ्या मैदानात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. त्यानं जीव खाऊन तिथंच लाथ घातली. कडकन आवाज झाला, तो कट्ट्यापर्यंत ऐकू गेला. किंकाळी त्यानंतर आली.

नडगी मधूनच भलतीकडे वळली होती. पोरं फळी आणायला धावली. अवधूत जवळ बसला. दिग्विजयनं दात आवळून दुसऱ्या पायाचं पॅड उपसलं आणि त्याच्या हातात कोंबलं.

"चुकून लागलं रं, मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "हे बी तूच घे. कॉलेजात दोन्ही पायांना बांध."