लई सोपं हाय

"आता मालनबाई, समजा तुमची म्हैस आजारी पडलीय. डॉक्टरला बोलवा," पुण्याहून लॅपटॉपवर आलेल्या तेजश्री मॅडम म्हणाल्या.

मालनबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मोबाइलवर बोट ठेवलं. त्यांचा मुलगा विलास शेजारी उकिडवा बसून दुसऱ्या मोबाइलवरून त्यांचा हात पुण्याला दाखवत होता. सून चैताली भिंतीला टेकून उभी होती. तिने मधे तोंड उघडायचं नाही, हा मॅडमचा नियम होता.

पाली गावातल्या या घरात बसून चैतालीने तीन वर्षं पशुपालकांसाठी अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीचे फोन घेतले होते. अ‍ॅप चालेना म्हणून चिडलेल्या शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, गोड बोलून त्यांची समजूत घातली. आता तिला अ‍ॅप कसं असावं हे ठरवणाऱ्यांत जायचं होतं, प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं होतं. जागा एकच, आणि समोर पुण्यातला एक एमबीए झालेला. शेवटच्या फेरीत उमेदवाराने नव्याने आखलेलं अ‍ॅप एखाद्या खऱ्याखुऱ्या पशुपालकाने, निवड करणाऱ्या मॅडमसमोर, वापरून दाखवायचं होतं. दारात दोन म्हशी असलेली सासू घरातच होती, तेव्हा चैतालीने तिलाच बसवलं.

मालनबाईंचं बोट चाललं. वरून तिसरं बटण, मग खालचं हिरवं. कुठे अडणं नाही, कुणाला विचारणं नाही. पडद्यावर बरोबरची खूण उमटली आणि 'धन्यवाद' आलं.

"बोलावलं बघा डॉक्टरला," मालनबाई म्हणाल्या. "लई सोपं हाय. कुणाला बी जमंल."

"वा!" मॅडम खूश झाल्या. "चैताली, इतक्या पटकन आजवर कोणीच केलं नव्हतं."

चैतालीने मात्र बोट कुठे पडलं ते पाहिलं होतं. वरून तिसरं बटण डॉक्टरचं होतं ते कालपर्यंत. आज सकाळी तिनेच ते उचलून सगळ्यांत वर नेलं होतं. तिसऱ्या जागी आता औषधं मागवायचं बटण होतं. डॉक्टरला निरोप गेलाच नव्हता. खरीच म्हैस आजारी असती तर ती तडफडत राहिली असती आणि घरचे रस्त्याकडे डोळे लावून बसले असते.

तिने विलासकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. म्हणजे काल तिच्या माघारी मायलेकांनी बसून घोकंपट्टी केली होती.

मॅडमना यातलं काहीच कळलेलं नव्हतं. गप्प बसलं की नोकरी पदरात. आणि बोलावं, तर परक्या माणसासमोर सासूला तोंडघशी पाडायचं. तेही कुणाला, तर जिने लग्न होऊन आल्यापासून सुनेबद्दल बाहेर कधी एक वाकडा शब्द काढला नाही तिला. चैतालीला सासूचा रागही आला आणि रडूही आलं.

"मॅडम, डॉक्टर येणारच नाही," ती म्हणाली. "औषधाची मागणी गेलीय. आत्याबाईंनी बटणं वाचली नाहीत, त्यांच्या जागा पाठ केल्यात. आणि 'धन्यवाद' मी दोन्हीकडे सारखंच ठेवलं, म्हणून त्यांनाही कळलं नाही आणि तुम्हालाही नाही. चूक माझी आहे."

विलासचा हात हलला. पुण्याला क्षणभर नुसते छताचे पत्रे दिसले.

"खरं आहे का हे, मालनबाई?" मॅडमचं हसू मावळलं होतं.

मालनबाई मॅडमकडे बघेचनात. त्या सुनेकडे बघत होत्या. "कशाला सांगितलंस गं? झालं होतं की समदं चांगलं."

"आत्याबाई, तुमी खरं सांगा त्यांना."

"काय सांगू? मला वाचता येत न्हाई, हे पुण्याच्या बाईला सांगू?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पुण्याच्या बाईने ते ऐकलंय. त्यांनी पदर तोंडाशी धरला. चैतालीला वाटलं, नोकरीही गेली आणि घरातली मायाही गेली.

मॅडमनी पेन उचललं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "मालनबाई, हे वापरताना तुम्हाला कुठे कुठे अडलं, ते सगळं सांगाल? मला तेच ऐकायचंय."

"खरंखरं?"

"खरंखरं."

मालनबाईंनी पदर सोडला. लॅपटॉप दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला आणि पहिल्यांदाच मॅडमच्या डोळ्यांत बघितलं.

"सांगते की. लई हाय सांगायला," त्या म्हणाल्या. "पर आदी तुमी सांगा, हिला कामावर घ्यायलाव का न्हाई?"