बट

भिंतीवरचा फोन ठेवून नर्स वळली. सकाळी आईच्या नाकात काडी घालून घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडला होता.

"ताई, आत्ताच्या आत्ता बाहेर. तुमच्यासाठी ही साधी सर्दी आहे. हिच्यासाठी नाही."

पलंगावर तिची सहा वर्षांची मुलगी, मिरची. डोक्यावर केस नाही, अंगात रोगाशी झुंजायला बळ नाही. भावाच्या हाडांतल्या मज्जेतून काढलेल्या नव्या पेशी चढवून बारा दिवस झाले होते, त्या अजून रुजायच्या होत्या. तोंड फोडांनी भरलेलं. आठवडाभर तिनं शब्द काढला नव्हता.

'बाहेर' मात्र तिला कळलं. तिनं आईची टोपी ओरबाडली आणि कानामागची जाड बट मुठीत धरली.

आईनं एका हातानं मास्क तोंडावर दाबला, मान फिरवली. दुसऱ्या हातानं पोरीची करंगळी सोडवली. करंगळी तिथल्या तिथे निळी पडली. बोटांना हात लावू नका, रक्त साकळतंय, मी कात्री आणते, असं म्हणत नर्स दोन दारांपलीकडे धावली.

मिरची बट खेचत होती, विहिरीचा दोर खेचावा तशी. आईचं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर उरलं. आणि घशात खोकला चढू लागला, आधी मुंगीसारखा, मग विंचवासारखा.

आईनं पोरीच्या मुठीच्या वर, केसांच्या मुळाशी, स्वतःची मूठ आवळली. डोक्याला हिसका दिला. मग दुसरा. तिसऱ्याला ओलं फडकं फाटल्यासारखा आवाज झाला.

कात्री घेऊन येणारी नर्स तिला बाहेरच्या दारात भेटली. तिला ढकलून आई पुढे गेली आणि फरशीवर गुडघे टेकून खोकली, खोकतच राहिली. कानामागून रक्त मानेवर उतरत होतं.

काचेपलीकडे मिरचीनं मुठीतले केस भिरकावले. काचेशेजारचा स्पीकर खरखरला.

"मर तू. परत येऊ नकोस. मर."

नर्सचा चेहरा उतरला. लहान आहे हो, मनावर घेऊ नका, असं काहीसं पुटपुटत तिनं घाईनं स्पीकरचं बटण बंद केलं. पोरीचे ओठ आत हलतच होते.

आईनं बाहीनं मान पुसली.

"चालू करा ते. आठवड्यानं बोलतेय ती."