आत वाहणारा धबधबा

“हे चित्र जागचं हलवायचं नाही हो. यातला धबधबा दाराकडून आत वाहतो, म्हणून या घरात आलेलं बाहेर जात नाही.”

पिनांगच्या त्या घरात सून म्हणून आली त्याच दिवशी सासूबाईंनी ग्वात होंगला हे बजावलं होतं. तेव्हापासून तिला एकदाही माहेरी जाऊ दिलं नव्हतं. तिकडे तिची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिनं घराच्या दिशा पाहणाऱ्या चिया गुरुजींना गुपचूप गळ घातली.

गुरुजी आले आणि चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले.

“चहा निवतोय, गुरुजी. धबधबा काही पळून जात नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“तेच तर दुखणं आहे. पाणी नुसतं आत येतंय. हा खालचा डोह बघा, कसा तुंबलाय. अशानं तुमचं दुकान चालेल कसं? घरच्या सुनेला एकदा माहेरी जाऊन येऊ द्या, म्हणजे पाण्याला वाट मिळेल.”

“एकीनं गेलं तर चालेल?”

“एक पुरे.”

ग्वात होंगनं मान खाली घातली. मनातल्या मनात ती आईच्या उशाशी जाऊन बसलीसुद्धा होती.

सासूबाई उठल्या. त्यांनी उदबत्त्यांचा पुडा आणि विळा पिशवीत टाकला, चपला पायात सरकवल्या.



“घर सांभाळ, पोरी. मीही या घरची सूनच आहे. माझ्या आईच्या थडग्यावरचं गवत मीच काढीन, असा शब्द दिला होता तिला,” म्हणत त्या हळूच उंबरा ओलांडून गेल्या.