लॉर्डांच्या थाटाची वंशावळ

मी उमरग्यात घरी बसून इंग्लंडच्या लॉर्ड घराण्यांच्या वंशावळी तयार करून देते. हे कानावर गेल्यावर माझे चुलते आण्णासाहेब स्वतः चालत घरी आले. माझे बाबा वारले तेव्हा देवळाच्या भिंतीवरच्या वंशावळीत बाबांच्या नावाखाली 'निर्वंश' असं रंगवून घेणारे हेच आण्णा. आम्ही दोघी बहिणी तेव्हा शाळेत होतो. मी त्यांना त्या शब्दाचा अर्थ विचारला होता. ते म्हणाले होते, "म्हंजे मागं कुणी न्हाय."

"सोनाली, आपल्या घराण्याचीबी तशीच कर, लॉर्डावानी. काळ्या दगडात कोरून लावू. पर पोरींची नावं नगंत."

"लॉर्डांच्यातही मुलगा नसला की शाखा संपली असंच लिहितात, आण्णा. नियम सगळ्यांना एकच ठेवू ना?"

"व्हय, सगळ्यांना एकच."

मजकूर दाखवला तेव्हा त्यांनी त्यात स्वतःचं नाव तेवढं शोधलं, अक्षरं मोठी करायला सांगितली आणि सही केली.

काल अनावरणाला सगळी भावकी जमली. त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या, कृष्णराजच्या, दोन्ही पोरींना आण्णांनी मोठ्या कौतुकानं पडदा ओढायला पुढं केलं.



धाकटीनं दगडावर बापाचं नाव शोधलं, त्याखालचा शब्द अडखळत वाचला आणि माईकपाशी उभ्या आण्णांना विचारलं, "आजोबा, निर्वंश म्हणजे काय?"