बाबांच्या हाताचा मोजा

उजव्या हातमोज्यातली दोन बोटं ब्रेक आवळण्याआधी किंचित थरथरतात, हे मृण्मयीच्या अलीकडेच लक्षात आलं होतं. भरून ठेवलेली सवय थरथरत नाही.

शिकाऊ परवान्यावर मोटरसायकल चालवायची, तर एखाद्या परवानाधारकाच्या सवयी भरलेला मोजा घालावाच लागे. तो मोजा परवानाधारकाने घरबसल्या दुरून चालवायला मात्र सक्त मनाई होती. धोका दिसला की मोजा आपणहून ब्रेक दाबे; महिनाभर त्याने ब्रेक दाबला नाही, की पक्का परवाना मिळे. मृण्मयीच्या मोज्यात बाबांचा हात होता आणि महिना भरत आला की तो ब्रेक दाबायचाच. डोंगरावरच्या हवामान केंद्रात तिला नोकरी मिळत होती, पण तिथे एसटी जात नव्हती. केंद्राला ती नुसतं "कळवते" म्हणत आली होती.

सकाळी चहा पिताना ती सहज म्हणाली, "बाबा, डेअरीमागे मोठा खड्डा खणलाय."

"मग राहू दे की आज!"

डेअरीमागचा रस्ता गुळगुळीत होता, मोकळा होता. बोटं थरथरली आणि ब्रेक करकचून लागला.

ती परतली तेव्हा बाबा टीव्हीसमोर होते, उजवा हात शालीखाली.

"फार मोठा होता का गं खड्डा?"

"नव्हताच, बाबा."

"घाटातली वळणं वाईट असतात," ते टीव्हीकडे बघतच म्हणाले.

मृण्मयीने मोजा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आत्याच्या हाताचा मोजा घेतेय मी. आणि नोकरीला हो म्हणतेय."