नळ आला

"अहो, नळ आला!" यमुनाबाई परसातून ओरडल्या.

हेमचंद्र दुपारची झोप अर्धी टाकून, चष्मा न लावताच धावले. भिंतीवरचा पाइप जोडाशी फुटला होता आणि पाण्याची धार थेट तुळशीपर्यंत जात होती.

"आज कसा? पाळी तर परवाची."

"आला ना? मग तारीख काय विचारता! फकिराला फोन लावा."

उद्या लेकीचा, स्वरालीचा साखरपुडा. वैजापूरहून चाळीस माणसं यायची होती. त्यांच्यासाठी हेमचंद्रांनी गच्चीवरची काळी टाकी काठोकाठ राखली होती आणि पाच दिवस घरादाराला अर्ध्या बादलीत अंघोळ लावली होती. हे पाणी मात्र वरकड!

फकिरा प्लंबर फोनवर म्हणाला, "चितेगावात हाय साहेब, अर्ध्या तासात येतो. तंवर वरचा कॉक बंद करा."

"आलेला नळ बंद करू? डोकं फिरलंय का तुझं?"

मग हेमचंद्रांनी कंपाउंडवरून हाळी दिली. "अप्पाराव, हंडे आणा!"

पाण्याच्या मोटारीवरून भांडण झाल्यापासून दोन वर्षं अप्पाराव बोलत नव्हते. आता मात्र ते पिंप घेऊनच आले. "आमच्या नळाला तर थेंब नाय."

"तुमची लाइन चढावर आहे," हेमचंद्र समजूत काढत म्हणाले.

बघता बघता गल्ली लोटली. बादल्या, घमेली, कुणाचा तरी कूलर. ढकलाढकली, हशा. भागूबाईंनी घागरीत हात घातला. "आगं बया, लई गरम पाणी!"

"एप्रिल आहे, भागूबाई. जमिनीतले पाइप तापतात."

"बाबा, आपणही दोन पिंपं भरू," स्वराली म्हणाली.

"आपली टाकी भरलेली आहे. आधी लोकांचं बघ."

अप्पारावांचे डोळे पाणावले. "हेमचंद्रराव, मानलं तुमाला. दिलदार माणूस."

"अहो, पाणी काय कुणाच्या बापाचं असतं?" भिजलेल्या बनियनमध्ये हेमचंद्र नगरसेवकासारखे उभे होते.

हळूहळू धार करंगळीएवढी झाली, मग थेंब, मग तेही नाही.

"गेला नळ," यमुनाबाई म्हणाल्या. गल्ली तृप्त होऊन पांगली.

फकिरा आला. त्यानं पाइपकडे पाहिलं, मान वर करून गच्चीकडे पाहिलं आणि तो जिना चढला. वरून ढोल बडवल्यासारखा आवाज आला.

मग तो कठड्यावरून वाकला. "साहेब, नळ परवाच येनार. ही तुमची टाकी गेली."